हरणीचं तेवढं सोडून

लोक जे गाणं ऐकायला येतात तेवढं एक सोडून बाकीची सगळी गाणी म्हणणारा गायक माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्या दुकानाच्या माडीवर भाड्यानं राहतो. त्याचं नाव सर्जेराव. कार्यक्रमाच्या फलकावरही तो नुसतं 'सर्जेराव' एवढंच लिहितो. आडनाव का लावत नाहीस असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "आडनाव सगळ्या भावकीचं हाय काका. गाणी माझी एकट्याची."

माझं कोल्हापुरात चष्म्याचं दुकान आहे, आणि दुकानामागंच आमचं घर. आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावलाय, तिथं मी डोळे तपासतो. सर्जेराव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर कामाला. पहिली पाळी संपवून साडेचारला घरी येतो, अंघोळ करतो आणि पाचच्या ठोक्याला, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाच्या ऐन वेळेला, माझ्या डोक्यावर गाणं सुरू होतं. हातात गिटार आणि पायाखाली हलगी. पायानं हलगी वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. भंगारातल्या स्कूटरची किक, एक स्प्रिंग आणि बांबूची काडी यांची त्यानं स्वतः जोडणी केलीय. तो किक मारतो, काडी हलगीवर बसते, आणि खाली माझ्या कपाटातल्या फ्रेमा थरथरतात.

एकदा नेसरीहून एक निवृत्त गुरुजी आले होते. तक्त्याची तिसरी ओळ त्यांना काही केल्या दिसत नव्हती. तेवढ्यात वर हलगी सुरू झाली. गुरुजी खुर्चीतच ताठ झाले आणि ठेक्यात वाचत सुटले ते पार शेवटच्या ओळीपर्यंत. मी खूश होऊन नंबर लिहून दिला. आठ दिवसांनी गुरुजी चष्मा हातात घेऊन परत आले. म्हणाले, ह्यातनं काहीच दिसत नाही, त्या दिवशी ठेका असा होता की तोंड थांबेना, म्हणून जी सुचतील ती अक्षरं म्हणत गेलो.

मी तणतणत माडीवर गेलो. सर्जेरावानं सगळं मनापासून ऐकून घेतलं, मधूनमधून मानही डोलावली. मला वाटलं, चला, समजूतदार आहे पोरगा. दुसऱ्या दिवशी पाच वाजता नवं गाणं सुरू झालं. 'तिसरी ओळ दिसंना, मला तिसरी ओळ दिसंना.' माझ्या बायकोनं, सुमननं, ते स्वयंपाक करता करता पाठ केलं. आता भाकरी थापताना ती तेच म्हणते, आणि चाल चुकली तर माडीवरून दुरुस्ती येते.

कुकरचं प्रकरण तर याच्याही पुढचं. सर्जेराव गिटार जुळवायला कसलं यंत्र वापरत नाही. आमच्या कुकरची शिट्टी हा त्याचा षड्ज. "काकू, तुमचा कुकर एकदम पक्क्या सुरात हाय," असं त्यानं सुमनला येऊन सांगितलं, तेव्हा तिला भलताच अभिमान वाटला. पुढं शिट्टी जुनी झाली म्हणून तिनं नवी बसवली. त्या संध्याकाळी सर्जेराव दारात येऊन उभा राहिला, घरात कुणी गेल्यासारखा. जुनी शिट्टी आहे का, एवढंच विचारलं. ती आता त्याच्या गिटारच्या पेटीत असते. नवी बेसूर ठरली, तेव्हा वरण शिजवायचं असलं की आम्हीच जुनी त्याच्याकडून मागून आणतो.

कार्यक्रमांत तो फक्त स्वतःची गाणी म्हणतो. प्रत्येक गाण्याआधी घसा साफ करून सांगतो, "ह्ये गाणं स्वतःचं हाय. बिघडलं तर माझ्याकडं या." पाळीच्या भोंग्यावर गाणं, मिसळीच्या दुसऱ्या कटावर गाणं, बसच्या पासावरच्या फोटोवर गाणं. एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला दंड फुगवून बसलेल्या पैलवान मंडळींनी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. सर्जेराव म्हणाला, "ज्येचं त्येला." आणि भोंग्याचं गाणं दोनदा म्हणाला. एका कॅफेत आम्हाला सात श्रोते लाभले. त्यांतले तिघं पार्सलसाठी थांबले होते, एक सुमन आणि एक मी. उरलेल्या दोघांसाठी तो दोन तास घाम गाळत होता. एका बारशाला त्यानं हलगीवर अंगाई म्हटली. बाळ झोपलं, पाहुणे जागे झाले.

माझ्या जुन्या गाडीत त्याचा स्पीकर बरोबर मावतो, एवढ्या एका पात्रतेवर मी त्याचा मॅनेजर झालो. दुकानात डोळे तपासता तपासता मी फोनवर कार्यक्रमाच्या तारखा देतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. चष्म्याच्या धंद्यात टाळ्या नसतात.

आता त्या गाण्याकडं येतो. दोन वर्षांपूर्वी सर्जेरावानं रिकाम्या गोठ्यात बसून मोबाईलवर एक गाणं रेकॉर्ड केलं आणि तसंच लोकांपुढं टाकलं. त्यात ना हलगी, ना गिटार, नुसता गळा.

येऽ हो हरणे, ये हो ये,
खुंटा रिकामा, मी बी रिकामा,
दिस कलला, घरला ये.

ते गाणं बघता बघता सगळीकडं पसरलं. रिक्षावाल्यांच्या फोनवर तेच, सलूनमध्ये तेच, लग्नात वरातीच्या गाडीवर तेच. हरणी म्हणजे सर्जेरावाची म्हैस, हे आमच्या पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या घालायच्या, आणि मालकानं मोटरसायकल पळवायची, मागून म्हैस धावते. बाकीचे लोक गाडीचा सायलेन्सर काढून आवाजावर म्हैस पळवत. सर्जेराव गाडी गल्लीच्या टोकाला बंद करून उभा राही आणि नुसती हाक मारी. 'येऽ हो हरणे.' माणसांची एवढी गर्दी, फटाके, ताशा, त्या सगळ्यातनं ती काळ्या धुडाची हरणी वाट काढत यायची आणि त्याच्या छातीला तोंड लावून थांबायची. नंतर तो तिला घरी न्यायचा. ती रेडकू असल्यापासून त्यानं तिला शिकवलेली ही एकच गोष्ट, हाक आली की घरी जायचं.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. गोठ्याची जागा थोरल्या भावाच्या वाट्याला आली आणि तिथं इमारत उठली. हरणी कोडोलीच्या एका शेतकऱ्याला विकली गेली आणि सर्जेराव आमच्या माडीवर आला. ती गेली त्याच दिवशी त्यानं ते गाणं केलं होतं.

आणि ते तो कधी म्हणत नाही. प्रत्येक कार्यक्रमात, पहिल्या गाण्यापासून लोक "हरणी, हरणी" म्हणून मागं लागतात. सर्जेराव गिटारवर हात ठेवतो, मान खाली घालतो आणि म्हणतो, "तेवढं सोडून बोला." कॅफेचा मालक नाराज, पैलवान नाराज. मीही चिडून सांगून पाहिलं की अरे, कार्यक्रम त्या एका गाण्यावर मिळतात. त्यालाही तेच उत्तर. सुमननं नेसरीकडचं एक चांगलं स्थळ आणलं, तेव्हाही तो म्हणाला, "तेवढं सोडून बोला काकू." छत्तीस वर्षांचा माणूस, एकटा, रात्रीचा डबा आमच्याकडून. सुमनला त्याची काळजी वाटायची. मला, खरं सांगायचं तर, कार्यक्रमांची.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्या ध्यानात आली होती. दर रविवारी सकाळी सर्जेराव न चुकता मोटरसायकल काढून कुठंतरी जातो. एरवी जिना उतरतानासुद्धा गुणगुणणारा हा माणूस रविवारी तोंड मिटून जातो आणि तोंड मिटूनच येतो. माझी खात्री झाली की कुठंतरी पोरगी आहे. सुमन म्हणाली, "गाडीच्या टाकीवर सरकी पेंडीचं पोतं टाकून कोण पोरगी बघायला जातं?" मी म्हटलं, तिच्या घरी जनावरं असतील. सुमन पुन्हा भाकरीकडं वळली.

अशात पुण्याचे एक संयोजक माझ्या दुकानात आले. गावोगावचे असे स्वतःची गाणी करणारे गायक शोधून त्यांचे दौरे लावायचे, हे त्यांचं काम. कोल्हापुरातल्या एका सभागृहात रविवारी दुपारी चार वाजता सर्जेरावाचा कार्यक्रम ठेवू, तो रंगला की पुढं सात शहरांत नेऊ, असं म्हणाले. अट एकच. शेवटी हरणीचं गाणं झालं पाहिजे.

मी तिथल्या तिथं हो म्हटलं. सर्जेरावाला दौऱ्याचं सांगितलं आणि अटीचं सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, हजार माणसं समोर बसली की कुणाचाही हट्ट विरघळतो. हे वागणं बरं नव्हतं, मला तेव्हाही कळत होतं.

सर्जेराव मात्र हरखून गेला होता. त्यानं हलगी नव्यानं मढवली, किकला तेल घातलं, आणि शनिवारीच आम्ही गिटार, हलगी, स्पीकर सगळं सभागृहात नेऊन ठेवलं. मध्येच थांबून त्यानं मला विचारलं, "काका, सात गावांत मला वळखत न्हाईत आशी मानसं यील न्हवं?" मी हो म्हटलं. त्यावर तो लहान पोरासारखा हसला.

रविवारी सकाळी बघतो तर गडी पेंडीचं पोतं गाडीवर टाकतोय. मी दुकानातनं तसाच धावलो. आज तरी जाऊ नकोस म्हटलं. बारापर्यंत येतो म्हणाला. माझा विश्वास बसेना, म्हणून मीच मागच्या सीटवर चढून बसलो. पोतं मांडीशी, वारा तोंडावर, आणि सर्जेराव एक अक्षर बोलेना. कोडोलीच्या अलीकडं तो उसाच्या कडेनं एका वस्तीकडं वळला आणि गाडी पार लांब बंद करून ढकलत नेली. गाडीचा आवाज तिला कळतो, एवढंच हळूच म्हणाला.

गोठ्यात हरणी उभी होती. हाडं थोडी वर आली होती, पण तीच ती. त्याला बघून तिनं कान पुढं केले. सर्जेरावानं पेंड तिच्यापुढं ओतली, काथ्यानं तिची पाठ घासली, मानेखाली खाजवलं, खूर बघितले. अर्धा तास हे चाललं होतं आणि त्यानं तोंडातनं शब्द काढला नाही. हुंकारसुद्धा नाही. दिवसभर बडबडणारा, कुकरबरोबर गाणारा हा माणूस मुक्यासारखा काम करत होता.

हरणीचे मालक आण्णाप्पा म्हणून साठीचे गृहस्थ, पिढ्यान् पिढ्या शेती करणारे जैन. त्यांनी मला चहा दिला आणि बाजूला घेऊन सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, गाणं नवीन होतं तेव्हा, त्यांच्या गावच्या मंडळानं पूजेला सर्जेरावाचा दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. गडी जोशात आला आणि कर्ण्यावर ते गाणं म्हणाला. आपण कोडोलीत उभं आहोत आणि ही हाक आपणच एका जनावराला शिकवली आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हरणीनं दावं तोडलं. चिखलातनं, रस्त्यावरच्या गाड्यांतनं, मांडवातल्या बायाबापड्यांतनं ती सरळ स्टेजला येऊन भिडली आणि त्याच्या छातीला तोंड लावून उभी राहिली.

"लोक हसलं, टाळ्या वाजीवल्या," आण्णाप्पा म्हणाले. "ह्यो मातूर पांढरा पडला. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे, मी नेतो. ती माझ्या हातानं हालंना. मग ह्येनंच तिला हितंपतोर आनली आन ह्या खुंट्याला बांधली. तवापास्नं दर ऐतवारी येतोय. पन तोंडातनं शब्द काढत न्हाय. आवाज ऐकून ती घरला निघंल म्हनतोय."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. दोन वर्षं मी या माणसाला हट्टी म्हणत होतो.

त्यात आण्णाप्पांनी पुढची गोष्ट काढली. हरणी भाकड झाली होती. दावणीला जागा एक, नवी म्हैस आणायची ठरलेली, आणि आज दुपारीच व्यापारी येणार होता. तो तिला कुठं नेणार हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आण्णाप्पांनाही वाईट वाटत होतं, पण त्यांच्या घरी दुधावर संसार चालतो. सर्जेरावानं हे गोठ्यातनं ऐकलं. काथ्या चालवायचा त्याचा हात थांबला आणि परत चालू लागला. माडीवर म्हैस ठेवता येत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आमच्या घरामागं पत्र्याचं शेड हाय," असं कुणीतरी म्हणालं. मागं वळून बघितलं तर दुसरं कुणी नव्हतं. मीच म्हणालो होतो. त्या शेडमध्ये माझी जुनी काचेची कपाटं होती, स्कूटर होती, सुमनच्या कुंड्या होत्या, आणि सुमनला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सर्जेराव काथ्या हातात घेऊनच बाहेर आला. "काका, शेन असतंय," तो म्हणाला. सकाळपासून त्याचा हा पहिला धड आवाज. मी म्हटलं, असू दे. त्याचे डोळे भरून आले आणि तो घाईघाईनं हरणीच्या आडोशाला गेला.

आण्णाप्पांनी भावकीतल्या एकाचा टेम्पो मागवला. व्यवहाराचं सावकाश बघू म्हणाले. इथवर सगळं झकास. पण हरणी टेम्पोत चढेना. फळी लावली, पेंड दाखवली, पाठीमागनं चौघांनी रेटलं, मी तर शेपटीच्या इतका जवळ होतो की सदरा त्या दिवसापासून पोछा म्हणून वापरात आहे. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. संयोजकांचे फोनवर फोन. शेवटी मी म्हटलं, अरे, एक हाक मार, आपोआप चढेल.

"न्हाय काका," तो म्हणाला. "हाक मारायची ती घरला न्यायला. मागल्या टायमाला मी हाक मारली, ही आली, आन मी हिला माझ्या हातानं दुसऱ्याच्या खुंट्याला बांधली. आता घरात पोचल्याबिगर न्हाय."

अडीच वाजता हरणी स्वतःच्या मर्जीनं, कुणाचं लक्ष नसताना, टेम्पोत चढली. सर्जेराव मागं तिच्याजवळ उभा राहिला, मी पुढं, मोटरसायकल आण्णाप्पांच्या दारातच राहिली. घरी जायला वेळच नव्हता. चारला पाच मिनिटं कमी असताना आमचा टेम्पो थेट सभागृहाच्या मागच्या दाराशी लागला. संयोजक धावत आले, आधी माझ्या सदऱ्याकडं बघितलं आणि मग टेम्पोतल्या हरणीकडं. त्यांचा चेहरा उजळला. खरी हरणी आणलीत, वा, शेवटी स्टेजवरच आणू, असं म्हणू लागले.

तेव्हा मला सर्जेरावाला अटीचं सांगावं लागलं. विंगेत, तो पायाला किक बांधत असताना. मी तुझ्या वतीनं शब्द देऊन बसलोय, दौरा त्या गाण्यावर आहे, चूक झाली, असं भडाभडा बोलून टाकलं. त्यानं पट्टा घट्ट केला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुमी सांगितलासा, बरं केलासा," एवढंच म्हणाला आणि स्टेजवर गेला.

सभागृह गच्च भरलं होतं. मी मागच्या दारात, एक पाय आत आणि एक पाय टेम्पोकडं, असा उभा. आणि सर्जेराव काय गायला त्या दिवशी. भोंगा झाला, पास झाला, मिसळीवर तर खुर्च्या हलल्या. मला वाटलं, आता गाण्यांची ताकद लोकांना कळली, आता मागणार नाहीत. पण तासाभरानं सुरू झालंच. हरणी, हरणी. तो नाही म्हणाला. लोक ऐकेनात. शेवटी त्यांनी स्वतःच ते म्हणायला सुरुवात केली. हजार गळ्यांतनं एकदम, 'येऽ हो हरणे, ये हो ये.'

स्टेजवर सर्जेराव दगडासारखा थांबला. त्याची नजर माझ्यावर. मी वळून टेम्पोकडं बघितलं. हरणीनं कान टवकारले. थोडा वेळ ऐकलं. मग कान खाली सोडले आणि रवंथ सुरू केला. त्यांतलं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. मी लांबूनच त्याला हातानं खूण केली, आहे जागेवर. त्यानं लोकांना हात जोडले, आणि म्हणाला, "तेवढं सोडून बोला." मग घसा साफ करून, "ह्ये गाणं स्वतःचं हाय," आणि 'तिसरी ओळ दिसंना' सुरू केलं. लोकांनी टाळ्या दिल्या, पण मन मोडल्यासारख्या.

संयोजक दाराशी माझ्याजवळ आले. एकच गाणं चालतं याचं आणि तेवढंच हा म्हणत नाही, असल्या माणसाचं आम्ही काय करायचं, असं म्हणाले. दोन वर्षं मीही अगदी हेच बोलत होतो. "साहेब," मी म्हटलं, "तेवढं सोडून बोला." ते गेले आणि सात शहरं त्यांच्याबरोबर गेली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सुमन दारात उभी. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, म्हणजे सांगायला सुरुवात केली. तिनं टेम्पोत बघितलं, मला म्हणाली, "कुंड्या कुठं ठेवायच्या ते आधी सांगा," आणि स्वतःच कुंड्या उचलायला लागली. स्कूटर बाहेर आली, कपाटं भिंतीला गेली. फळी लावली. हरणी उतरेना.

सर्जेराव आमच्याकडं न बघता बोळातनं मागं शेडमध्ये गेला. तो दिसेनासा झाला. हातात दावं होतं.

आणि मग हाक आली. मी ते गाणं रिक्षांत, सलूनमध्ये, वरातीत शेकडो वेळा ऐकलंय. त्याच्या तोंडचं कधी ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता. माडीवरनं येतो त्याच्या निम्मासुद्धा नव्हता, आणि थोडा कापत होता. 'येऽ हो हरणे, ये हो ये.' हरणीनं मान वर केली. एक पाय फळीवर, मग दुसरा. ती उतरली, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि बोळात शिरली. 'दिस कलला, घरला ये.' सुमन तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन तिच्या मागं धावली. मी तिथंच फळी धरून उभा राहिलो. मला रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

थोड्या वेळानं मागं जाऊन बघितलं. हरणी त्याच्या छातीला तोंड लावून उभी होती. सुमन तिच्या खुरांवर पाणी घालत होती. सर्जेरावाचं गाणं संपलं होतं, तरी ओठ हलत होते. मी म्हटलं, बांधून घे रे, नवी जागा आहे, बिचकेल.

"नगं काका," तो म्हणाला. दावं त्यानं खांद्यावरच ठेवलं. हरणी जागची हलली नाही.